छोटं कलासंग्रहालय, बरोबर सासूबाई आणि सात वर्षांची लेक: जायच्या आधी काय काय विचारून ठेवू?

चष्मेवाली:
नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या कामानिमित्त आम्ही सगळेच पुढच्या आठवड्यात बाहेरगावी चाललोय आणि तिथं एक प्रादेशिक कलासंग्रहालय आहे. फार गाजावाजा असलेलं नाही, त्या भागातल्या चित्रकारांची कामं, थोडी शिल्पं, एक जुन्या कापडांचं दालन, एवढंच कळलंय. वेबसाइटवर वेळा आणि इमारतीचा एक फोटो, बाकी ठणठणाट. फोटोत भरपूर पायऱ्या दिसतायत.
अडचण अशी की सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालतात चांगल्या पण एका जागी उभं राहवत नाही, आणि लेक सात वर्षांची, तिला एका जागी बसवत नाही 😅 सासूबाईंना चित्रांची मनापासून आवड आहे म्हणून त्यांना हॉटेलवर ठेवून जायचं मनात पण नाही.
तर लिफ्ट, बसायला जागा, बाथरूम हे असतं का अशा ठिकाणी? बॅग बाहेर ठेवायला लावतात म्हणे, पण त्यात औषधं असतात त्याचं काय? लेकीला चित्र काढायला बसवलं तर कुणी ओरडेल का? आणि साधारण किती वेळ धरू? जे सुचेल ते सांगा.

बिल्लेवाला:
मी एका अशाच लहान संग्रहालयात दालनात उभं राहायचं काम करतो, गळ्यात बिल्ला अडकवून, त्यामुळे आयडी हा. तुमचं संग्रहालय कुठलं ते माहीत नाही पण अशा सगळ्या जागांची तऱ्हा थोड्याफार फरकाने एकच असते.
पहिली गोष्ट, फोन करा. वेबसाइटवर लिहिलं नाही म्हणजे सोय नाही असं अजिबात समजू नका. आमच्याकडे व्हीलचेअर आहे, घडीची स्टुलं आहेत, मोठ्या अक्षरात छापलेल्या माहितीच्या प्रती आहेत, आणि यातलं एकही वेबसाइटवर नाही कारण ती अपडेट करणारं माणूसच नाही. सगळं रिसेप्शनच्या मागच्या कपाटात पडून असतं आणि जो मागेल त्याला मिळतं.
फोनवर "सोयी आहेत का" असं मोघम विचारू नका, समोरचा "हो हो आहेत" म्हणून मोकळा होतो. नेमकं विचारा. पायऱ्या टाळून आत यायला दुसरं दार आहे का आणि ते कुठल्या बाजूला, लिफ्ट सगळ्या मजल्यांना जाते का, बाथरूम कुठल्या मजल्यावर, बसायला बाक दालनात आहेत की फक्त बाहेर पॅसेजमध्ये. ही संग्रहालयं बरेचदा जुन्या वाड्यात नाहीतर सरकारी इमारतीत थाटलेली असतात, तिथं लिफ्ट नंतर कशीबशी बसवलेली असते. आमची तर मुळात चित्रांचे खोके वर न्यायची लिफ्ट आहे, किल्ली आमच्याकडे असते आणि पाहुण्यांना आम्ही सोबत नेतो. बाण लावलेला नाही, त्यामुळे ज्याने विचारलं नाही तो बिचारा जिना चढतो.
बॅगेचं म्हणाल तर पाठीवरची सॅक आणि छत्री बाहेर ठेवायला लावतातच. चोरीची भीती कमी, धक्क्याची जास्त. माणसाला स्वतःच्या पाठीची रुंदी कळत नाही, फोटो घ्यायला वळला की सॅक मागच्या फ्रेमला लागते. औषधं, पाण्याची बाटली, चष्मा एका छोट्या पर्समध्ये काढून घ्या, पर्स चालते. पाणी मात्र दालनाच्या बाहेर येऊन प्यायचं. आणि औषधांसाठी बॅग जवळच हवी असेल तर तसं सांगा, ती पोटाशी धरायला सांगतील फार तर.

पेन्सिल_एचबी:
चित्र काढायला कुणी ओरडणार नाही, उलट बहुतेक ठिकाणी आवडतं त्यांना. फक्त साधी पेन्सिल. स्केचपेन, शाई, जलरंग, काही नाही चालत, कारण उडालेला डाग निघत नाही. वही हातात मावेल एवढी, बोर्ड-स्टँड नको. खोडरबराचा भुगा जमिनीवर पडतो म्हणून काही ठिकाणी खोडरबरालाही नाक मुरडतात, तेवढं बघा. शार्पनर पण बाहेरच वापरा.
दुसरं असं की कापडांच्या दालनात आणि जलरंग, रेखाचित्रं असतील तिथं अंधार असणार, त्याची सासूबाईंना आधीच कल्पना द्या. उजेडाने कागद आणि कापड विटतं, झालेलं नुकसान भरून येत नाही आणि ते साठत जातं, म्हणजे वर्षभर मंद उजेड काय आणि थोडे दिवस प्रखर उजेड काय, हिशेब सारखाच. म्हणून अशा वस्तूंवर साधारण 50 लक्स (उजेड मोजायचं माप) एवढाच प्रकाश ठेवायची पद्धत आहे, तैलचित्रांना 200 च्या आसपास चालतो. बाहेरच्या उन्हातून थेट तिथं गेलात तर पहिली काही मिनिटं नुसती काळी काच दिसेल आणि वय झालेल्या डोळ्यांना सरावायला जास्तच वेळ लागतो. आधी तैलचित्रं नाहीतर शिल्पं बघा, मग मंद दालनात शिरा आणि शिरल्या शिरल्या बाक असेल तर टेकून घ्या. पाटीवरची अक्षरं दिसली नाहीत तर मोबाइलचा टॉर्च मारू नका प्लीज, त्या मोठ्या अक्षरांच्या प्रती मागा.
आणि हेही उजेडामुळेच, की कागदावरची कामं काही महिने भिंतीवर असतात मग परत आत जातात. एखादं ठराविक चित्र बघायलाच जाणार असाल तर ते सध्या लागलंय का हे विचारून घ्या, नाहीतर जागेवर "सध्या प्रदर्शनात नाही" अशी चिठ्ठी मिळायची.

रिकामटेकडा:
एवढं प्लॅनिंग करून माणूस लग्नाला जात नाही राव.
माझं मत सरळ आहे. सगळं बघायचं नाही. पाच-सहा चित्रं, ती पण खुर्ची टाकून. 1916 साली बॉस्टनच्या संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन नावाच्या गृहस्थांनी "संग्रहालयाचा थकवा" या विषयावर लेख लिहिला होता, त्यात एका माणसाला वस्तू बघताना, पाट्या वाचताना वाकावं लागतं, मान वाकडी करावी लागते, उकिडवं बसावं लागतं त्याचे फोटोच काढून दाखवलेत. शंभर वर्षं उलटली तरी पाट्या अजून बेंबीच्या उंचीवर आणि अक्षरं मुंगीएवढी. दमायला होतं ते चालण्याने नाही, या थांब-वाक-सरळ-हो ने होतं. गुडघेवाल्यांना तर विचारायलाच नको.
तशी पण माणसं चित्रांसमोर थांबतात किती? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मोजलं होतं, 2001 साली ते छापून आलं, एका चित्रासमोर सरासरी 27 सेकंद आणि निम्मी माणसं 17 सेकंदांच्या आतच पुढे सरकतात. त्यातलाही काही वेळ पाटी वाचण्यात जाणार. मग दोनशे चित्रं बघितली म्हणून सांगण्यात काय हशील.
ऑडिओ गाइड घेऊ नका. कानात बाई बोलत राहते आणि आपण ती सांगेल तिकडे बघत राहतो, शेजारच्या माणसाशी बोलणंच बंद. सासू-सुनेला त्या निमित्ताने शांतता हवी असेल तर गोष्ट वेगळी 😀

चष्मेवाली:
@रिकामटेकडा सासूबाई इथं वाचत नाहीत म्हणून वाचलात.
@बिल्लेवाला खूपच उपयोगी. पण व्हीलचेअर म्हटलं की त्या तिथूनच परत फिरतील, "मी काय आजारी आहे का" सुरू होईल. आणि मोबाइलने फोटो चालतात का ते राहिलंच विचारायचं.

बिल्लेवाला:
मग स्टूल घ्या. घडीचं असतं, ॲल्युमिनियमचं, एका हातात उचलता येतं, काही ठिकाणी तर त्याला काठीसारखी मूठ असते. तुम्ही ते उचलून चाला आणि त्या थांबल्या की उघडून द्या. चित्राला पाठ टेकून बसू नका एवढंच. आणि दालनात एखादी रिकामी खुर्ची दिसली तर ती बहुतेक आमची असते, पण विचारलंत तर कुणी नाही म्हणणार नाही, मला तर उठायला निमित्तच लागतं.
फोटो: संग्रहालयाच्या स्वतःच्या वस्तूंचे सहसा चालतात, फ्लॅश बंद करून. बाहेरून उसनी आणलेली चित्रं असतील तिथं मनाई असते कारण मालकाची नाहीतर चित्रकाराच्या हक्कांची अट असते, त्यात आमचा काही इलाज नाही. सेल्फी स्टिक नको. लोक म्हणतात फ्लॅशने रंग उडतात, आजकालच्या फ्लॅशने नेमकं किती बिघडतं यावर जाणकारांतच दुमत आहे, पण दिवसभर डोळ्यांवर लखलखाट झेलणारा मी आहे, त्यामुळे माझं मत तुम्हाला कळलंच असेल.

दोन_पोरांची_आई:
लेकीबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून लिहिते. सात वर्षं हे चांगलं वय आहे, फक्त "हात लावू नको" हे वाक्य आत गेल्यावर दर मिनिटाला म्हणायची पाळी येऊ देऊ नका, बाहेरच एकदा सांगा आणि आत हात पाठीमागे धरायचा खेळ करा. का लावायचा नाही हे पण सांगा, मुलांना कारण दिलं की पटतं. हाताला घाम आणि तेल असतं, धातूवर बोटांचे ठसे काही दिवसांनी काळे पडून तिथंच राहतात. हे ऐकल्यावर माझा धाकटा प्रत्येक पुतळ्याजवळ कुणाचे ठसे सापडतात का बघत फिरायला लागला.
अजून एक खेळ. दालनाच्या कोपऱ्यात किंवा काचेच्या कपाटात काडेपेटीपेक्षा जरा मोठी पांढरी डबी असते, छोट्या पडद्यावर दोन आकडे, एक तापमानाचा आणि एक हवेतल्या दमटपणाचा. जुन्या ठिकाणी अजूनही ते गोल फिरणारं डबडं असतं, त्यावर गुंडाळलेल्या कागदावर दोन बारीक सुया शाईची रेघ ओढत असतात. पोरीला ते शोधायला लावा आणि प्रत्येक खोलीतला आकडा वहीत लिहून घ्यायला सांगा. दमटपणाचा आकडा पन्नासच्या आजूबाजूला असतो साधारण, तो वरखाली झाला की लाकूड फुगतं-आकसतं आणि चित्राच्या रंगाला भेगा पडतात. हे असलं मुलांना चित्रांपेक्षा जास्त आवडतं, निदान सुरुवातीला. गारवा पण असतो, अंगावर काहीतरी घेऊन जा दोघींना.
बुटांच्या नाड्या बांधा हे मी चेष्टेने म्हणत नाहीये. 2006 मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात एक माणूस जिन्यावर अडखळून पडला, सुटलेली नाडी हे त्याने सांगितलेलं कारण, आणि खिडकीत ठेवलेल्या तीन चिनी फुलदाण्यांचा चक्काचूर झाला. नंतर तुकडे जोडून त्या परत उभ्या केल्या. 2015 मध्ये तैपेईत एका प्रदर्शनात बारा वर्षांचा मुलगा हातात पेय घेऊन चालताना तोल गेला आणि तोल सावरायला टेकलेला हात थेट सतराव्या शतकातल्या चित्रात घुसला. ओरडायला कुणी नव्हतं म्हणून हे झालं असं नाही, गर्दीत असं होतं. तुम्ही सकाळी उघडल्या उघडल्या जा.
आणि मध्येच बाहेर पडता येतं का ते तिकिटाच्या खिडकीवर विचारा. बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी त्याच तिकिटावर परत आत सोडतात. पाऊण तास आत, मग बाहेर अंगणात पोरीला पळू द्या, सासूबाई पाय लांब करतील, मग परत. सलग दोन तास खेचलं की शेवटी कुणीतरी रडतंच, आमच्याकडे ती मी असते.

पेन्सिल_एचबी:
एक राहिलं, आणि हे लहान संग्रहालयातच जमतं. भिंतीवर असतं त्याच्या कितीतरी पट आत कपाटात असतं. सासूबाईंना एखाद्या चित्रकाराची रेखाचित्रं बघायची असतील तर आधी इमेल करून विचारा, अभ्यासिका किंवा प्रिंट रूम (कागदावरची चित्रं काढून दाखवायची खोली) असेल तर वेळ ठरवून दाखवतात. विद्यार्थी असायची गरज नसते, फक्त काय बघायचंय ते नीट लिहायचं, "चांगलं काहीतरी दाखवा" असं नाही. पण आठवडाभराच्या आत होईल याची खात्री नाही, लगेच पाठवा.
तिथं टेबल-खुर्ची असते, म्हणजे उभं राहायचा प्रश्नच मिटला. हात धुवून, पेनं बाजूला ठेवून बसायचं. मग तिथली व्यक्ती एक चपटी काळी पेटी आणते, पुस्तकासारखी उघडते ती, समोरची कड खाली पडते त्यामुळे कागद वाकवून वर काढावा लागत नाही. वरचा पातळ कागद बाजूला केला की चित्र तुमच्या समोर वीतभर अंतरावर, मध्ये काच नाही. पेन्सिलीची खोडलेली रेघ, टाचणीची भोकं, कडेला चित्रकाराने ब्रश पुसून बघितलेले रंगांचे फराटे, हे फ्रेममध्ये झाकलं जातं ते सगळं दिसतं. लेकीला मात्र त्या वेळी नवऱ्याकडे सोपवा.

चष्मेवाली:
आत्ताच फोन केला! मागच्या बाजूला सपाट दार आहे, बेल वाजवायची, लिफ्ट फक्त पहिल्या मजल्यापर्यंत जाते. स्टुलं दोन आहेत. कापडांचं दालन मात्र पुढचे काही दिवस बंद, वस्तू बदलतायत, हे वेबसाइटवर कुठेही नव्हतं. प्रिंट रूम असं काही नाही म्हणाले, पण एक बाई आहेत त्या संग्रह सांभाळतात, त्यांना इमेल करा म्हणाले. केलाय.
शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या पाऊण तास आधी, तेही विचारलं म्हणून कळलं.

बिल्लेवाला:
दुसऱ्या मजल्यावर काय आहे ते विचारलंत का? तिथंच मुख्य चित्रं असतील तर मोठा फरक पडतो. नसेल विचारलं तर परत फोन करा, आणि ज्यांनी फोन उचलला त्यांचं नाव पण विचारून घ्या, दारात बेल वाजवल्यावर ते सांगितलं की दहा मिनिटं वाचतात.