डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) माणूस केअर सेंटरमध्ये हलवताना : बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव

रात्रीची जागरणं, वारंवार पडणं, गॅस उघडा राहणं हे एका-दोघांच्या हाताबाहेर गेलं की बेळगाव, हुबळी, कोल्हापूर असं कुठंतरी केंद्र शोधावं लागतं. सीमाभागात त्यात एक जादा पेच असतो : माणूस मराठी, अटेंडर कन्नड. ज्यांनी हे काम जवळून केलंय त्यांनी लिहावं. कहाणी नको, दुसऱ्या घराला उद्या उपयोगी पडेल ते सांगा.

परिचारिका, खानापूर
आधी भाषेचं बघा. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी सुटते. जन्मभर कचेरीत कन्नड बोललेला माणूसही आजार वाढला की लहानपणच्या मराठीवर येतो. घरचे म्हणतात, ‘बाबांना कन्नड येतंय की,’ आणि केंद्रात कुणी काही सांगतच नाही. मग अटेंडर ‘कुंद्रि’ म्हणते तेव्हा ते बसायचं सोडून चालू लागतात, आणि वहीत ‘ऐकत नाहीत’ अशी नोंद पडते.

एका पुठ्ठ्यावर वीस-पंचवीस मराठी शब्द कन्नड लिपीत लिहा, समोर कन्नड अर्थ. शब्द त्या माणसाच्या तोंडातले घ्या. आपल्याकडची जुनी माणसं संडास म्हणत नाहीत, ‘परसाकडं जाऊन येतो’ म्हणतात. अटेंडरला वाटतं पळून चाललेत. ती दार लावते आणि पाच मिनिटांत कपडे खराब होतात. ‘गरगरतंय’, ‘कळ मारतेय’, ‘हुडहुडी भरलीय’ हेही हवेत. कोणत्या हाकेला ओ देतात तेही लिहा : आज्जी, आक्का, मास्तर, जी असेल ती. पुठ्ठा लॅमिनेट करून एक खाटेच्या डोक्याशी लावा, एक सिस्टरच्या टेबलावर ठेवा. रात्रपाळीची माणसं वेगळी असतात, दिवसा तोंडी दिलेला निरोप त्यांच्यापर्यंत जात नाही.

सुनेच्या नात्याने सेवा केलेली, बेळगाव
हलवायचं ते सकाळी. आंघोळ, नाश्ता उरकून 10-11 च्या सुमारास पोचावं. संध्याकाळी गोंधळ वाढतो, त्या वेळी नवी जागा दाखवू नये. जमलं तर पावसाळाही टाळा. आपल्याकडं जुलैत दुपारीच अंधारून येतं, फरशी ओली असते, लाइट जाते.

जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला एकदम गाऊन घातला की तिला उघडं पडल्यासारखं वाटतं, मग ती दिवसभर चादर अंगाभोवती ओढत बसते. महिनाभर आधी घरीच गाऊन सुरू करा आणि वर जुन्या साडीचा तुकडा पदरासारखा द्या. सोनं घरी ठेवा, पण गळा मोकळा नको. काळ्या मण्यांची साधी पोत घाला. सहा जोड कपडे, चष्मा, कवळीची डबी या सगळ्यावर न जाणाऱ्या शाईनं नाव घाला, कन्नडमध्येसुद्धा. धुण्यात कपडे हमखास बदलतात.

जमिनीवर झोपणाऱ्याला बुटकी खाट मागा. घरी ज्या बाजूनं उठायचे ती बाजू भिंतीला लागू देऊ नका. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड दिसत नाही म्हणून माणूस बसायला घाबरतो. गडद रंगाची सीट बसवून घ्या.

भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, पाठ ताठ बसवून भरवायची, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे पुठ्ठ्यावर लिहाच. घाईत भरवलं तर घास श्वासनळीत जातो, न्यूमोनिया होतो.

औषध दुकानदार, निपाणी
गोळ्या डब्यात काढून देऊ नका, पट्ट्या तशाच द्या आणि यादी औषधाच्या मूळ नावानं लिहून घ्या. गाव बदललं की ब्रँड बदलतो आणि एकच गोळी दोन नावांनी दोनदा दिली जाते. सर्दीच्या क्लोरफेनिरामिनसारख्या गोळ्यांनी गोंधळ वाढतो, लघवी अडू शकते. डोनेपेझिल ही डिमेन्शियाची गोळी रात्री दिल्यावर भयंकर स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून सकाळी घेता येते.

माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिघडला तर ‘जागा बदलली म्हणून’ असं धरून चालू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, कमी पाणी, आधी हे तपासायला लावा. शांत ठेवायचं औषध सुरू करणार असतील तर किती दिवस आणि का, हे विचारा. त्या औषधांनी या आजारात पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो.

निवृत्त बँक कर्मचारी, संकेश्वर
मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून पुष्कळ घरं निर्धास्त असतात. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. म्हणून समज आहे तोवर खातं जोडनावाचं करा, ‘दोघांपैकी कोणीही’ या अटीनं. केंद्र सरकारच्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो, 80 वर्षांपुढच्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. चेहऱ्यावरून होणारा ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला मोबाइलवर केअर सेंटरमध्येच करता येतो.

हुक्केरी
केंद्र ठरवण्याआधी रात्री नऊनंतर फोन करून विचारा, आत्ता कामावरची किती माणसं जागी आहेत. बांधून ठेवतात का? अंथरुणाला खिळलेल्याची कूस दोन-दोन तासांनी बदलतात का? वजन दर महिन्याला करतात का? डायपर, जादा अटेंडर, दवाखान्याची गाडी पैशात धरलीय की वेगळी? अनामत किती दिवसांत परत? सगळं लेखी घ्या.

परिचारिका, खानापूर
‘पहिला महिना येऊ नका’ असं काही ठिकाणी सांगतात. मला ते पटत नाही. वीस मिनिटंच, पण ठरल्या वेळेला जावं. ताट समोर आलं की हळूच निघावं, निरोपाचा सोहळा करू नये. ‘घरी जायचंय’ म्हणाले तर ‘आता हेच घर’ म्हणू नका. घरी कोण आहे, परसात काय लावलंय, ते विचारा, आणि एकदा परसाकडं नेऊन आणा. पुष्कळदा तेवढंच हवं असतं.

घरच्यांनाच झोप येईनाशी झाली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेवर, 14416 ला, चोवीस तास बोलता येतं, मराठीतूनही.