जीवाश्मावरून खडकाचं वय आणि खडकावरून जीवाश्माचं, मग हे गोल गोल फिरणं नाही का?

कुतूहल
बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे. वाचायला मिळतं की हा ट्रायलोबाइट (नामशेष झालेला एक समुद्री जीव) अमुक कोटी वर्षांपूर्वीचा कारण तो तेवढ्या जुन्या खडकात सापडला, आणि खडक तेवढा जुना कशावरून, तर त्यात ट्रायलोबाइट आहे म्हणून. मग पहिला आकडा आला कुठून? कुणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

खडकवेडा
प्रश्न अगदी रास्त आहे. यात क्रम आणि वय अशा दोन गोष्टींची गल्लत होते. क्रम आधी लागला, वय खूप नंतर कळलं. विल्यम स्मिथ हा इंग्लंडमधला सर्व्हेअर, १७९० च्या दशकात कालव्याच्या कामावर होता, तिथे त्याच्या लक्षात आलं की दिसायला अगदी सारखे वाटणारे थरसुद्धा आतल्या जीवाश्मांवरून वेगळे ओळखता येतात आणि खालून वर जाताना क्रम तोच राहतो, त्यावरून त्याने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा काढला. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ ला, त्यामुळे उत्क्रांती गृहीत धरून क्रम लावला असंही नाही.

वर्षांचा आकडा येतो ज्वालामुखीच्या राखेतून. राखेत झिरकॉन या खनिजाचे कण असतात, ते तयार होताना युरेनियम आत घेतात पण शिसं जवळपास घेतच नाहीत, म्हणजे आज आत जे शिसं दिसतं ते युरेनियमचंच झालेलं, आणि तो वेग ठाऊक आहे. जीवाश्माच्या वरच्या आणि खालच्या राखेचं वय मिळालं की जीवाश्म त्या दोघांच्या मधला. एकदा हे जमलं की दुसरीकडे राख नसली तरी तोच जीवाश्म पुरतो.

निळाई
खडकवेडा +१. मला सगळ्यात पटलेला पुरावा प्रवाळाचा आहे. जुना प्रवाळ भिंगाखाली धरला की अंगभर केसासारख्या बारीक रेघा दिसतात, एक रेघ साधारण एका दिवसाच्या वाढीची, आणि वर्षाचे पट्टे वेगळे कळतात. जीवाश्मांचा अभ्यासक जॉन वेल्सने १९६३ मध्ये डेव्होनियन नावाच्या फार जुन्या काळातल्या प्रवाळांच्या रेघा मोजल्या तर वर्षाला साधारण ४०० भरल्या! वर्षाची लांबी तीच, दिवस मात्र ४००, म्हणजे एक दिवस जेमतेम २२ तासांचा.

आता हे ताडून बघा. चंद्रामुळे होणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीची गिरकी मंदावते, दिवस शंभर वर्षांत साधारण २ मिलिसेकंद वाढतो. किरणोत्सर्गावरून त्या खडकांचं वय येतं ३८ कोटी वर्षांच्या आसपास, म्हणजे ३८ लाख शतकं, गुणिले २ मिलिसेकंद, ७,६०० सेकंद, दोन तासांहून थोडं जास्त. २४ मधून वजा करा, पुन्हा २२ च्या जवळच येतं. प्रवाळ, चंद्र आणि युरेनियम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी हिशोब जुळतो.

कुतूहल
आत्ता वहीत गुणाकार करून पाहिला, खरंच येतो! खूप आभार दोघांचे. वयाचं कळलं, पण जमीन कुठे होती, हवा कशी होती हेही जीवाश्मच सांगतात का?

पानजाळी
हो तर. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडकात समुद्री जीवांचे तुकडे आहेत, तो कधीकाळी समुद्राचा तळ होता. पण मला जास्त जवळचं वाटतं ते ग्लॉसोप्टेरिसचं पान, जिभेच्या आकाराचं, मधोमध ठळक शीर आणि दोन्हीकडे जाळी. हे पान भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे सापडतं, कारण तेव्हा हे सगळं गोंडवानाभूमी नावाच्या एकाच मोठ्या खंडात होतं. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये ब्रिटिश शोधप्रवासी स्कॉट आणि त्याचे साथीदार वारले, तेव्हा त्यांच्याजवळ साधारण १६ किलो दगड होते, शेवटपर्यंत टाकले नव्हते, आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिस होतं. आज जिथे नुसता बर्फ आहे त्या अंटार्क्टिकात तेव्हा जंगल होतं. तिथल्या दगड झालेल्या खोडांत वाढीची वर्तुळं स्पष्ट दिसतात, म्हणजे झाडं उन्हाळ्यात जोमाने वाढायची आणि ध्रुवाकडच्या लांबलचक अंधारात थांबायची.