सांसर्गिक गर्भपात: दूध उकळलं की झालं काम?

माळरान: ब्रुसेलोसिस, म्हणजे हा सांसर्गिक गर्भपाताचा रोग, जनावराकडून माणसाला होतो, हे मान्य. पण दूध उकळलं की जंतू मरतात. मग दावणीवरून, पशुवैद्यकांना आरोग्य खात्याच्या बैठकीत बसवा, हा तुमचा आग्रह कशाला? त्यांनी जनावर बघावं, माणसाचा ताप डॉक्टर बघतील.

दावणीवरून: उकळल्यानं दूध पिणारा वाचतो, गोठ्यातला माणूस नाही. सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडते, म्हणजे तिचा गर्भ पडतो, वार अडकते आणि घरातलं कुणीतरी ती उघड्या हातानं ओढतं. त्या वारेत जंतू ठासून भरलेले असतात. नखाजवळची चीर पुरते, डोळ्यात उडालेला शिंतोडाही पुरतो. पुढे काही आठवड्यांनी संध्याकाळचा ताप, रात्री घाम, कंबर धरलेली. टायफॉइडच्या गोळ्या चालू होतात. ‘गोठ्यात कुणी गाभडलं का?’ हा प्रश्न डॉक्टरला सुचवणार कोण?

टोचकन: बैठकी राहू द्या, लस टोचायला माणसं द्या. या रोगाची एस-१९ लस कालवडी-पारड्यांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात, जन्मात एकदाच. नरांना नाही. गाभणीला दिली तर गाभडू शकते. वय उलटल्यावर दिली तर प्रतिपिंडं रक्तात रेंगाळतात आणि रोझ बंगाल या रक्तचाचणीत लस कुठली, रोग कुठला, कळत नाही. शिवाय ही लस जिवंत जंतूंची. कालवड नीट धरली नाही, हिसका बसला, सुई स्वतःच्या बोटात गेली की टोचणाराच रोगी. हातमोजे आणि चष्मा मात्र कागदावरच.

माळरान: २०१९ पासून केंद्राची लसीकरण मोहीम आहे, लस फुकट आहे. पण चाचणीत सापडलेल्या गाईचं काय? कत्तल कायद्यानं बंद. मालक गुपचूप बाजार दाखवतो आणि रोग दुसऱ्या गावच्या दावणीला जातो. इथं तुमचा पशुवैद्यक काय करणार?

दावणीवरून: बाजार तो थांबवू शकत नाही, खरंय. पण ती गाय वेगळी बांधा, तिची धार शेवटी काढा, वार आणि गाभडलेलं वासरू चुना टाकून कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं खोल पुरा, हे दावणीपाशी उभं राहून तोच सांगतो. आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवलं, तर त्या घरात ताप आलेल्याचं रक्त वेळेत तपासलं जातं. डॉक्सिसायक्लिन-रिफाम्पिसिन हे औषध सहा आठवडे घ्यावं लागतं. ताप उतरला म्हणून दहा दिवसांत सोडलं की उलटतो.

टोचकन: कळवायचं कुणाला, कुठल्या नमुन्यात? तो कागद आधी काढा, मग बैठक.