उत्तर: अंबाजोगाईला स्वतः गाडी चालवायची आहे, लायसन्सचं काय? (तातडीचं)

प्रशांत, शुक्रवार रात्री

नमस्कार मंडळी,

१२ डिसेंबरला टेक्सासहून निघतोय. मुंबईहून विमानानं संभाजीनगरच्या चिकलठाण्याला उतरायचं, तिथेच भाड्याची गाडी घ्यायची आणि अंबाजोगाई गाठायची. भाचीचं लग्न १८ ला. मधल्या दिवसांत आईला तुळजापूर करायचंय, मुलांना वेरूळ दाखवायचंय. गाडी मीच चालवणार.

अडचण लायसन्सची. माझं अंबाजोगाईचं लायसन्स २००४ चं, २० वर्षांची मुदत ऑगस्ट २०२४ मध्येच संपली. टेक्सासचं चालू आहे. गाडीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "या ना साहेब, चालतंय, कोण बघतं." खरंच चालतं का? शिवाय चुलतभाऊ म्हणतो, त्याच्या ओळखीत एकाची सात सीटची गाडी निम्म्या भाड्यात मिळेल. पांढऱ्या नंबरपाटीची आहे. पैठणला गेलात तेव्हा तुम्ही कसं केलं होतं?

प्रशांत

माधवकाका, शुक्रवार रात्री

प्रशांत,

पैठणच्या वेळी हे सगळं मी इथंच लिहिलं होतं. परत लिहितो, आता जपून ठेव.

तुला इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागेल. ट्रिपल ए, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारचालकांच्या संघटनेच्या ऑफिसात जायचं, टेक्सासचं लायसन्स दाखवायचं, पासपोर्ट आकाराचे २ फोटो द्यायचे. फी २० डॉलरच्या आसपास. करड्या रंगाची पुस्तिका तिथल्या तिथं हातात मिळते, मुदत १ वर्ष. टेक्सासच्या लायसन्सवरचं परमिट इथूनच निघतं, तिकडच्या आरटीओत मागून मिळणार नाही. नेटवर १० वर्षांचं "आंतरराष्ट्रीय लायसन्स" विकणारे बसलेत, त्यांना एक छदाम देऊ नकोस. भारतात १९४९ च्या जिनिव्हा करारातलं परमिट धरतात आणि ते १ वर्षापेक्षा जास्त मुदतीचं नसतंच.

जुन्या लायसन्सचा नाद सोड. मुदत संपून वर्ष व्हायच्या आत असतं तर नूतनीकरण झालं असतं. वर्ष उलटलं की परत गाडी चालवून दाखवावी लागते. लग्नाच्या धावपळीत ते कुठं करत बसतोस?

माधव

किशोर, शनिवार सकाळी

काका, मला हे पटत नाही. परमिट म्हणजे लायसन्सचं भाषांतर, आणि आपलं लायसन्स मुळातच इंग्रजीत आहे. मी तीनदा लातूर-नांदेड केलं. एकदा अहमदपूरजवळ पोलिसांनी थांबवलं, लायसन्स बघितलं आणि जा म्हणाले. प्रशांतला उगाच घाबरवू नका.

आणि प्रशांत, १६ ला मंगळवार आहे, वेरूळ मंगळवारी बंद. अजिंठा सोमवारी.

किशोर

वर्षा, शनिवार दुपारी

किशोर, नाक्यावरचा पोलीस सोडतो हे खरं आहे. पण काही झालं तर काय, ते मी बघितलंय, म्हणून लिहिते.

मागच्या जानेवारीत आम्ही बीडहून जालन्याला परत येत होतो, गाडी हे चालवत होते. गेवराईच्या अलीकडे, दिवेलागणीची वेळ. महामार्गावर उलट्या बाजूनं एक मोटरसायकल आली, दोन्हीकडे दुधाचे कॅन बांधलेले. यांनी गाडी डावीकडे घेतली तरी धडक बसलीच. त्या मुलाचं मनगट मोडलं. आमचा हेडलाइट वायरीला लोंबत होता आणि कॅन आडवा होऊन दूध डांबरावरून आमच्या चाकाखाली वाहत आलं. मला अजून तेच आठवतं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न लायसन्सचा, दुसरा परमिटचा. परमिट होतं, पण जालन्याला जाऊबाईंच्या घरी सुटकेसमध्ये. दीर रात्री ११ ला ते घेऊन आले, तोवर पंचनामा अडलेला. पुढे चार दिवसांनी गॅरेजमध्ये विम्याचा सर्व्हेअर आला, त्यानंही दोन्ही कागदांवरच्या तारखा आधी बघितल्या. वैध लायसन्स नसलं तर विमा कंपनी हात वर करू शकते. त्या मुलाला भरपाई दिलीच तरी नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मग मालक आपल्याला सोडेल का? तो मुलगा २२ वर्षांचा होता, रोज पहाटे ४ ला उठून दूध घालायचा. त्याच्या दवाखान्याचा खर्च विम्यातून निघाला, म्हणून आम्हाला झोप लागली.

वर्षा

दिलीप, शनिवार संध्याकाळी

वर्षाताई, मुलगा बरा झाला ना? एवढं कळवा.

प्रशांत, मी नांदेडचा, दर हिवाळ्याला जातो म्हणून सांगायलो. डिसेंबर म्हणजे कारखाने चालू. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागं लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. समोरून येणाऱ्याच्या लाइटनं डोळे दिपले की ट्रॉली दिसतच नाही, अंगावर आल्यावरच कळतं. त्यात तुझी इतकी वर्षं उजव्या बाजूनं चालवायची सवय. गर्दीत चूक होत नाही, सगळे जातात तसं आपण जातो. मोकळ्या रस्त्यावर पंपातून बाहेर पडलं की हात आपोआप उजवीकडं वळतो. माझा वळला होता, मुखेडच्या रस्त्याला. देवाच्या दयेनं समोर कुणी नव्हतं.

ड्रायव्हर घे बाबा. भत्ता दे, जेवू घाल, निवांत मागं बस.

दिलीप

किशोर, शनिवार रात्री

ड्रायव्हरचं म्हणाल तर लग्नसराईत तो बिचारा रात्रभर जागून एका पार्टीला सोडून येतो आणि पहाटे आपल्या दारात उभा. झोप न झालेल्या माणसाच्या हाती मुलं देण्यापेक्षा स्वतः चालवलेलं बरं. आणि समृद्धीनं जा, तिथं ट्रॅक्टर नाहीत.

किशोर

माधवकाका, शनिवार रात्री

किशोर, समृद्धी नागपूर-मुंबई आहे. अंबाजोगाई दक्षिणेला. तिचा काय उपयोग?

प्रशांत, चिकलठाण्याहून धुळे-सोलापूर महामार्ग धर, ५२ नंबरचा. बीड, मांजरसुंबा, तिथून केजवरून अंबाजोगाई. नकाशानं माजलगावकडून धारूरचा घाट दाखवला तरी जाऊ नकोस, रस्ता अरुंद आहे. ट्रॉल्यांचं दिलीपनं लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं. अंधार पडला की गाडी उभी करायची.

माधव

सुनंदाताई, रविवार सकाळी

पांढऱ्या पाटीबद्दल प्रशांतनं विचारलं आणि त्याला कुणीच उत्तर दिलं नाही.

प्रशांत, स्वतः चालवायची भाड्याची गाडी म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असली तर ती ड्रायव्हरसकट मिळणारी टॅक्सी. पांढरी पाटी खाजगी. भावानं स्वतःची गाडी प्रेमानं वापरायला दिली तर गोष्ट वेगळी. पैसे घेऊन खाजगी गाडी दिली की तिच्या विम्यात ते बसत नाही. मग तुझं परमिट कितीही खरं असो, वर्षानं सांगितलं तसा प्रसंग आला तर तू आणि तो मालक दोघंही उघड्यावर. निम्म्या भाड्याचा मोह नको.

गाडी घेताना आरसी, विमा आणि पीयूसी तिन्हींवरच्या तारखा बघ. चारी बाजूंनी, टायरसकट, व्हिडिओ काढ आणि तिथंच त्या माणसाला पाठव. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते विचार, नाहीतर रोखीनं दुप्पट टोल जातो.

एक विनंती सगळ्यांनाच. गाडीवाल्यांचे नंबर आपल्या या ईमेल यादीवर टाकू नका. तपासलेल्या लोकांची वही माझ्याकडे आहे, ती जमवायला मला दोन वर्षं लागली. ज्याला हवं त्यानं मला फोन करावा.

सुनंदा

प्रशांत, सोमवार संध्याकाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारच्या सुट्टीत जाऊन परमिट काढलं, अर्ध्या तासात काम झालं. नाव पासपोर्टप्रमाणे आहे का ते तिथंच तपासलं. पुस्तिका हँडबॅगेत राहील, सुटकेसमध्ये नाही.

सुनंदाताईंच्या वहीतून काळ्या पाटीची गाडी ठरवली, आरसी आणि विम्याचे फोटो आले. चुलतभाऊ जरा नाराज झाला, त्याला वर्षाताईंचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा गप्प झाला. दिलीप, ड्रायव्हर घेत नाही, पण विमान दुपारी ४ ला उतरतंय म्हणून रात्री संभाजीनगरलाच राहणार आणि सकाळी उजाडल्यावर निघणार. तुळजापूरही एका दिवसात ओढत नाही, तिथं मुक्काम.

आता एकच राहिलं. धाकटीची गाडीत बसवायची सीट तिकडे भाड्यानं मिळत नाही म्हणतात. कुणाकडे हलकी, विमानात नेता येईल अशी आहे का?

प्रशांत

वर्षा, सोमवार रात्री

आमची आहे, ४ वर्षांपर्यंत चालेल. पट्ट्यावर हळदीचा डाग आहे, तेवढा चालवून घे. बुधवारी सहानंतर ये. दिलीप, मुलगा बरा आहे, मध्यंतरी त्याचा फोन आला होता.

वर्षा