नवरा बी, बायको ए, आणि लेक ओ निगेटिव्ह? असं होतं का?

सातारकर_बाबा:
शाळेच्या आयकार्डसाठी लेकीचा रक्तगट लागत होता म्हणून लॅबमध्ये करून आणला, तर ओ निगेटिव्ह आला. माझा बी पॉझिटिव्ह, बायकोचा ए पॉझिटिव्ह. आमच्या आत्याबाई म्हणतात पोरीचा गट बापावर जातो, मग हा तिसराच कुठून आला, आणि तोही निगेटिव्ह. तेव्हापासून घरात वातावरण तंग आहे, बायको माझ्याशीही धड बोलत नाहीये, मी काय केलंय देव जाणे. दहावीला मेंडेलचे वाटाणे पाठ करून मार्क घेतले त्यापलीकडे मला यातलं काही कळत नाही. लॅबचा घोळ आहे की खरंच असं होऊ शकतं? माझ्या आईचा ओ पॉझिटिव्ह आहे एवढं माहितीये, सासूसासऱ्यांचा विचारायची सध्या हिंमत नाही.

रिकामटेकडा:
हॉस्पिटलात अदलाबदल 😜

सातारकर_बाबा:
नाक डिट्टो माझं आहे तिचं. सिरीयस उत्तर द्या कोणीतरी.

लॅबवाली_ताई:
दादा, आधी वहिनींची समजूत काढा, कारण हा रिपोर्ट बरोबर असायला काहीच अडचण नाही. घोळ होतो तो रिपोर्टवर फक्त ए किंवा बी छापतात म्हणून. या गटाच्या जीनच्या प्रत्येकाकडे दोन कॉप्या असतात, एक आईची एक बापाची, आणि आपण मुलाला देताना त्यातली एकच देतो, कुठली ते आपल्या हातात नसतं. आता तुमच्या आई ओ आहेत म्हणजे त्यांच्याकडे दोन्ही कॉप्या ओच, त्यामुळे तुम्हाला त्यांच्याकडून ओच मिळाला, दुसरं काही मिळणं शक्यच नव्हतं. म्हणजे तुम्ही बी-ओ, हे सासूसासऱ्यांना न विचारताही पक्कं. वहिनी ए-ओ असणार. तुमचा ओ आणि त्यांचा ओ लेकीकडे गेला, विषय संपला. याचा चान्स 4 मध्ये 1. उरलेले तीन चान्स ए, बी आणि एबीचे, म्हणजे तुमच्या घरात चारही गट जन्माला येऊ शकतात. पण चार मुलं झाली की चार वेगळे गट मिळतीलच असं समजू नका, प्रत्येक मुलाच्या वेळी हिशोब पहिल्यापासून.

ओ तुमच्यात दिसत का नाही तेही सांगते कारण शाळेत नुसतं प्रभावी-अप्रभावी सांगून पुढे जातात. ए ची कॉपी एक एन्झाइम बनवते ते लाल पेशीच्या पृष्ठभागावर एक साखर जोडतं, बी चं एन्झाइम वेगळी साखर जोडतं. ओ मध्ये बहुतेक वेळा डीएनएमधलं एकच अक्षर गळालेलं असतं, पण त्यामुळे पुढचं सगळं वाचनच सरकतं आणि एन्झाइम अर्धवट बनतं, ते काहीच जोडत नाही. तुमच्यात बी वाली कॉपी काम करतीये, ओ वाली नुसती बसून आहे, म्हणून टेस्टमध्ये बी. ए आणि बी दोन्ही असले तर दोघंही आपापलं काम करतात, म्हणून एबी. अप्रभावी म्हणजे कमजोर किंवा वाईट असं काही नसतं हो.

निगेटिव्हचंही तसंच. त्याचा जीन वेगळा, तो 1 नंबरच्या क्रोमोझोमवर, ए-बी-ओ चा 9 नंबरवर, त्यामुळे दोन्हीच्या वाटण्या स्वतंत्र होतात. तुम्हा दोघांकडे निगेटिव्हची एकेक कॉपी असणार, तिथे परत 4 मध्ये 1. दोन्ही मिळून ओ निगेटिव्ह व्हायचा चान्स 16 मध्ये 1. कमी आहे पण अशा केसेस आमच्या टेबलावर येत राहतात. आणि आत्याबाईंना सांगा, पोरीचा गट बापावर आणि पोराचा आईवर असा काही नियम नाही. हे दोन्ही क्रोमोझोम मुलगा-मुलगी ठरवणारे नव्हेतच.

विदर्भ_एक्सप्रेस:
छान समजावलंत ताई. पण मग एबी आणि ओ अशा जोडप्याला ओ मूल होतं का? आमच्या ओळखीत असं झालंय आणि लोकांनी त्या बाईचं जगणं मुश्कील केलं होतं.

लॅबवाली_ताई:
साध्या हिशोबाने होत नाही, कारण एबी वाल्याकडे द्यायला ओ नाहीच. पण असा रिपोर्ट आला की आम्ही आधी सॅम्पल नवीन घेऊन परत टेस्ट लावतो, ट्यूबवर चुकीचं लेबल लागणं हे कारण सगळ्यात कॉमन. तरीही तेच आलं तर बॉम्बे ब्लड ग्रुपचा विचार करायचा. हा आपल्या मुंबईत सापडला म्हणून हे नाव, डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. ए आणि बी च्या साखरा ज्या पायावर बसतात त्याला एच म्हणतात आणि तो पाया बनवणारा जीन 19 नंबरच्या क्रोमोझोमवर असतो. त्याच्या दोन्ही कॉप्या बिघडलेल्या मिळाल्या तर पायाच नाही, मग जवळ ए किंवा बी चा जीन असूनसुद्धा साखर जोडायची कुठे? नेहमीच्या टेस्टला असा माणूस ओ दिसतो. त्याला साधं ओ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं, बॉम्बे वाल्याचंच लागतं. भारतात साधारण 10 हजारात एक सापडतो. आईबाप दोघांकडे एकेक बिघडलेली कॉपी असली तरच मूल असं होतं, आणि नात्यातल्या लग्नात ती दोघांकडे एकाच आजोबाकडून आलेली असायची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतातच की.

कायदेपंडित:
एक अॅड करतो. रक्तगटावरून बाप "नाही" हे बऱ्याचदा सांगता येतं, "आहे" हे कधीच नाही, गटच मोजके आणि माणसं किती. चार्ली चॅप्लिनची केस वाचा, तो ओ, पोरीची आई ए आणि पोरगी बी, म्हणजे तो बाप असूच शकत नव्हता, तरी 1945 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ज्युरीने त्यालाच बाप ठरवलं!! हल्ली डीएनए टेस्ट आहे, पण इथे त्याची काही गरजच दिसत नाही.

सातारकर_बाबा:
ताई, शंभर वेळा धन्यवाद. तुमचं उत्तर फॅमिली ग्रुपवर टाकलं. सासूबाईंनी लगेच स्वतःचं डोनर कार्ड पाठवलं, त्या ओ निगेटिव्ह! म्हणजे बायकोचं पण पक्कं झालं ना? आता पुढचा प्रश्न, लेक निगेटिव्ह आहे तर तिच्या लग्नात अडचण? आणि नवराबायकोचा गट एकच असू नये म्हणतात ते?

लॅबवाली_ताई:
हो पक्कं, वहिनींना आईकडून ओ आणि निगेटिव्ह दोन्ही आलेच असणार. गट एक असला तर काही बिघडत नाही, हे कुठून पसरलंय काय माहीत. निगेटिव्ह बाईचं बाळ पॉझिटिव्ह असेल तर तेवढी काळजी घ्यावी लागते, कारण बाळाचं रक्त तिच्या रक्तात मिसळलं तर तिचं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू शकतं, त्याचा त्रास मुख्यतः पुढच्या बाळाला. त्यासाठी अँटी-डी इंजेक्शन आहे, साधारण 28 व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना गट सांगायचा, हे लोक विसरतात. लग्नाआधी तपासायचंच तर थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार तपासा, दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडे एकेक बिघडलेली कॉपी असेल, तर दर मुलाला आजाराचा चान्स 4 मध्ये 1, हिशोब तुमच्या ओ सारखाच.

विदर्भ_एक्सप्रेस:
+१, आमच्या भागात सिकलसेलचं तर आधी बघाच, मग पत्रिका.

कोकणी_माणूस:
मग घाऱ्या डोळ्यांचं पण असंच का? आम्ही दोघं काळ्या डोळ्यांचे, पोरगा घारा, पणजीसारखा.

लॅबवाली_ताई:
दोन पिढ्या झाकून राहून वर आलं हे तसंच. पण डोळ्यांच्या रंगात एक जीन नसतो, 15 नंबरच्या क्रोमोझोमवरचे दोन शेजारी जीन मोठा वाटा उचलतात आणि बाकी बरेच थोडा थोडा हात लावतात, म्हणून काळा-घारा यांच्या मधल्या इतक्या छटा दिसतात. त्यामुळे तिथे 4 मध्ये 1 वगैरे लावू नका, उंचीला आणि रंगाला तर अजिबातच नको.