उसाच्या फडात बिबट्या किंवा रानडुकरानं फाडलं तर दवाखान्यापर्यंत काय करायचं?

चिटबॉय_शिराळा
ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरल्यात, तोड सुरू झालीय. वारणाकाठच्या फडातून बिबट्या आणि रानडुक्कर दोन्ही उठतात, आणि कोप्यांवरच्या (मजुरांच्या झोपड्यांवरच्या) लहान पोरांना भटक्या कुत्र्यांचा धोका आहेच. लचका तुटला किंवा सुळा लागला तर १०८ येईपर्यंत आधी रक्त थांबवायचं की साबणानं धुवायचं? कुणी म्हणतं जखमेच्या वर आवळून बांधा, कुणी म्हणतं हळद भरा. टोळीच्या पेटीत काय ठेवू तेही सांगा.

आपत्कालीन_कराड
आधी रक्त. ते उसळत असेल किंवा कापड भिजून खाली ठिबकत असेल तर धुण्याच्या नादाला लागूच नका. स्वच्छ सुती कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तळहातानं, अंगाचा भार देऊन १० मिनिटं दाबा, घड्याळ लावून. मधेच उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवा.

रानडुकराचा सुळा बहुतेक मांडीला किंवा पोटरीला लागतो आणि आत खोल चिरत जातो. तिथं नुसतं वरून गुंडाळून उपयोग नाही, आत रक्त वाहतच राहतं. पट्टी बोटानं खड्ड्याच्या तळापर्यंत ठासून भरा आणि मग दाबा. मांडीची मोठी धमनी फुटली असेल तर हाताशी काही मिनिटंच असतात. (छाती-पोटाच्या जखमेत मात्र काही ठासू नका. बाहेर आलेलं आतडं आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ कापडानं झाका.)

आवळून बांधायचं ते हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तेव्हाच. चार-पाच सेंटिमीटर रुंद कापड, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही. गाठीत लाकडी दांडकं घालून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि वेळ कपाळावर पेनानं लिहा. दवाखान्याशिवाय सोडायचं नाही. सुतळी किंवा तार वापरली तर कातडीच कापली जाते. विष चढेल म्हणून बांधणं हा साप चावल्यावरचा जुना गैरसमज आहे. रेबीजचा विषाणू नसांतून, म्हणजे मज्जातंतूंतून, मेंदूकडे जातो, त्याला दोरी अडवत नाही.

चिटबॉय_शिराळा
सर, मानेला धरलं असेल तर? आणि फडात नळ कुठला, धुवायचं कशानं?

आपत्कालीन_कराड
बिबट्या वाकून काम करणाऱ्याची मानच धरतो, म्हणून हे नीट वाचा. मानेभोवती पट्टी गुंडाळायची नाही, श्वास कोंडतो. ज्या बाजूला जखम आहे तिथंच हात दाबून ठेवायचा, गाडीतसुद्धा. तोंडात रक्त येत असेल तर मान न पिळता अख्खं अंग एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा, रक्त बाहेर गळू द्या. पाणी, चहा काही पाजू नका, भूल द्यावी लागेल.

सिस्टर_मिरज
धुण्याचं मी सांगते. रक्त आटोक्यात आल्यावर लगेच, नाहीतर दवाखान्यात पोचल्यावर पहिलं काम तेच. २० लिटरचा जार आणि झाकणाला भोकं पाडलेली बाटली, एवढं पुरतं. साबण लावून १५ मिनिटं वाहत्या धारेखाली धुवायचं. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबणानं ते फुटतं, म्हणून नुसतं पाणी चालत नाही. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, मिरची, तेल यातलं काहीही नको.

दवाखान्यात पोचल्यावर नातेवाइकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. लस, सिरम आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. रक्त काढणारा चावा आणि कुठल्याही रानटी जनावराचा चावा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत धरतात, त्याला नुसती लस पुरत नाही. लसीनं प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर जखमेतच विषाणू अडवायचं काम सिरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, करतं. घोड्याच्या सिरमचं प्रमाण किलोला ४० युनिट. ५० किलोच्या माणसाला २००० युनिट, मिलीला ३०० युनिटच्या कुपीतून साधारण ६.७ मिली. हे जखमेत आणि जखमेच्या कडांत टोचायचं असतं. १५ किलोच्या पोराला जेमतेम २ मिली येतं आणि जखमा मात्र दहा. अशा वेळी सलाइन मिसळून वाढवतात, म्हणजे एकही जखम सुटत नाही.

टाक्यांची घाई नको. सिरमआधी घट्ट शिवलं तर विषाणू आत ढकलला जातो आणि जंतू कोंडून पू होतो. चेहरा किंवा रक्त न थांबणारी जखम असेल तर आधी सिरम, मग थोडा वेळ थांबून सैल टाके.

लस दंडात, दोन वर्षांखालच्या मुलांना मांडीत. कुल्ल्यात कधीच नाही, तिथं असर कमी पडतो. कातडीत टोचायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. पहिली ३ डिसेंबरला घेतली तर पुढच्या ६, १० आणि ३१ डिसेंबरला. तेवढ्यात टोळी दुसऱ्या गावाला हलते आणि शेवटचा डोस राहतो, म्हणून कार्डाचा फोटो मुकादमाच्या फोनमध्ये असू द्या. डोस कुठल्याही सरकारी केंद्रात पुरा करता येतो, आधी फोन करून लस आहे का ते विचारा. गरोदर बाईलाही लस द्यायचीच.

आपत्कालीन_कराड
ताईंच्या म्हणण्यात एक भर. जवळच्या प्राथमिक केंद्रात लस असते, पण सिरम आणि सर्जन असतीलच असं नाही. १०८ मधल्या डॉक्टरांना निघतानाच विचारा आणि मोठी जखम असेल तर थेट कराडचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय गाठा. वनखात्याला १९२६ वर कळवा. भरपाईसाठी पंचनामा लागतो, पण त्यासाठी माणसाला फडात थांबवू नका.

पेटीत: १५ सेंटिमीटरच्या सहा पट्ट्या, गॉजचे मोठे गठ्ठे, हातमोजे, कपड्याचा साबण, आयोडीन, कात्री, जाड पेन, आणि आवळायला रुंद पट्टा दांडक्यासकट. जार रोज भरलेला.

चिटबॉय_शिराळा
उद्याच मुकादमांना बोलावून पट्टी ठासून दाबायचा सराव घेतो.