विषय: बॅबकमचं मॉडेल व्हिलेज – बाबागाडी आणि आजी, दोन्ही

प्रेषक: सभासद, रेडिंग

नमस्कार मंडळी,
मेच्या हाफ टर्मला (शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत) इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या टॉर्कीत दोन रात्री राहणार आहोत. सोबत दोन वर्षांचा एक, पाच वर्षांची एक आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. त्यांचे गुडघे जिन्याला आणि उताराला कुरकुरतात. कार नाही, रेल्वेनेच जाणार. टॉर्कीतल्याच बॅबकमचं मॉडेल व्हिलेज, म्हणजे छोट्या घरांची आणि माणसांची बाग, या सगळ्यांना झेपेल का? वेळ किती धरावा? तिथून समुद्रावर उतरता येतं म्हणतात, ते खरं का?

प्रेषक: सभासद, एक्सेटर

ताई, झेपेल, पण घाई करू नका. १९६३ साली सुरू झालेली ही बाग चार एकरांची आणि उतारावर वसलेली आहे. म्हणजे जाताना उतार, येताना चढ. बाबागाडी न्याच, पण मनगटात अडकवायचा पट्टा असेल तर तो लावा. दांड्याला जड पिशव्या टांगू नका. मूल उतरलं की रिकामी गाडी मागे उलटते, आणि चढावर ते हमखास होतं. आजींना काठी द्या आणि वर येण्यासाठी वेगळी वीस मिनिटं ठेवा. एकूण दीड ते दोन तास पुरतात.

इमारतींचं प्रमाण १:१२, म्हणजे फुटाचा इंच. साडेपाच फुटी माणूस तिथे साडेपाच इंचांचा आणि चोवीस फूट उंचीचं दुमजली घर दोन फुटांचं. बाबागाडीत बसलेल्या मुलाचे डोळे त्यामुळे खिडक्यांच्या बरेच जवळ असतात, आणि आपल्याला उभ्याने फक्त छपरं. धाकट्याला "हे बघ, हे बघ" करत सारखं उचलून घेऊ नका. उचललं की त्यालाही छपरंच दिसतात. तुम्हीच उकिडवे बसा. फोटोही त्याच उंचीवरून काढा, मोबाइल उलटा धरून, म्हणजे भिंग खाली येतं आणि गल्ली खरी वाटते.

गवती छपराच्या घराला आग लागलेली आणि बंब ती विझवतोय, असा एक देखावा आहे. एक ड्रॅगनही आहे, तो जाळ फेकतो. दोन वर्षांच्याला हे आधी दहा पावलांवरून दाखवा. हसला तर पुढे जा.

काही देखावे बटण दाबल्यावर चालतात. मुलं टकटक दाबत राहतात आणि "बंद आहे" म्हणून रडतात. अशा यंत्रांची एक फेरी पुरी झाल्याशिवाय नवी सुरू होत नाही. एकदा दाबून वीसपर्यंत मोजायला लावा, पाच वर्षांचीला तेवढं येतं. रेल्वेगाडी मध्येच थांबलेली दिसली तरी घाबरायचं कारण नाही. बागेतल्या गाड्या बहुधा रुळांतूनच वीज घेतात, चाकाखाली ओलं पान आलं की संपलं.

आणि घरची खेळण्यातली मोटार कुणाच्याही हातात देऊ नका. ती तिथल्या रस्त्यावर एकदा लागली, की त्यातली आपली कोणती यावर तासभर भांडण. त्यापेक्षा मोठीला कागदावर पाच चित्रं काढून द्या: शिडी, कुत्रा, छत्री, सायकल, घंटा. सापडेल त्यावर खूण.

काही संध्याकाळी बागेत दिवे लावतात, तो मोह या वेळी टाळा. मेअखेरीस सूर्य सव्वानऊच्या सुमाराला मावळतो. दिवे खुलेपर्यंत धाकटा झोपलेला असेल.

प्रेषक: सभासद, नॉरिच

आजींचे गुडघे खरंच दुखत असतील तर टॉर्कीचा हट्ट का? पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रेट यारमथचं मेरिव्हेल मॉडेल व्हिलेज पाहा. १९६१चं, जेमतेम एक एकराचं, वेलिंग्टन पिअर या समुद्रातल्या धक्क्याला लागून. गाव सपाट आणि समोरच वाळू. स्टेशनपासून किनारा दीडेक मैल आहे, तेवढी टॅक्सी करा. बॅबकमची भव्यता नाही, हे मान्य. पण लहान मुलांना भव्यतेचं काय! आपला दिवाळीचा किल्ला आठवा: मावळा बुरुजाहून उंच आणि हळिवाचं रान त्याच्या कमरेपर्यंत, तरी कुणाचं काही अडत नाही.

प्रेषक: सभासद, एक्सेटर

काका, त्यांनी खोल्या टॉर्कीत घेतल्यात!

समुद्राचं राहिलं. बॅबकमहून ऑडिकमच्या किनाऱ्यावर कडा उतरणारी क्लिफ रेल्वे आहे, १९२६ पासूनची, सुमारे २२० मीटर लांबीची. दोन डबे एकमेकांना तोलतात, एक खाली जातो तेव्हा दुसरा वर येतो. मुलांना ही मॉडेल व्हिलेजइतकीच आवडते. उतरण्याआधी शेवटचा डबा किती वाजता वर येतो ते विचारून घ्या. तो चुकला तर वर यायला खडी वाट, आणि ती आजींना नकोच.

खाली वाळू नाही, लालसर खडे आहेत. बादली-फावडं न्याल तर निराशा होईल. खडे पाण्यात टाकण्यात मात्र तास जातो. पायात बूट हवेत. वरचे लाल कडे ढासळतात, म्हणून कुंपणापलीकडे आणि कड्याच्या पायथ्याशी बसायचं नाही. वाळूचा किल्ला हवाच असेल तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेन्टन गावाचा किनारा.

पाऊस लागला तर केंट्स कॅव्हर्न गुहा जवळ आहे. आत बारमाही १४ अंश, स्वेटर घ्या. वाटाड्या मध्ये काही क्षण दिवे घालवतो, ते मुलांना आधी सांगून ठेवा.

प्रेषक: सभासद, प्लिमथ

जेवणाच्या डब्याबद्दल कुणीच बोललं नाही. सीगल हातातला घास नेतात, आणि पाठीमागून येतात. भिंतीला पाठ लावून बसा, मुलांना आत घ्या. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की पक्ष्याकडे रोखून पाहिलं तर तो खाण्याजवळ यायला सरासरी २१ सेकंद जास्त घेतो. तेव्हा एकाने जेवायचं आणि एकाने डोळे वटारायचे. तूप-साखर पोळीची गुंडाळी सगळ्यात बरी, दोन घासांत संपते. चिप्सचा उघडा पुडा म्हणजे आमंत्रणच.

प्रेषक: सभासद, रेडिंग

सगळ्यांचे आभार. क्लिफ रेल्वे नक्की. आता फक्त टॉर्कीच्या गाडीचं तिकीट.

प्रेषक: सभासद, एक्सेटर

पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, पण हक्काची जागाही नाही. मांडीवर घ्यायची तयारी ठेवा किंवा त्याच्यासाठीही जागा राखा. मोठी पाच वर्षांची आहे, म्हणून फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड (रेल्वेचं सवलतीचं कार्ड) चालेल: मोठ्यांना तिसरा हिस्सा सूट, मुलांना साठ टक्के. बदलावं लागलं तर न्यूटन अ‍ॅबटला. एक्सेटरनंतर डॉलिशला रूळ अगदी समुद्राच्या भिंतीवरून जातात. जाताना डावीकडच्या खिडक्या धरा, येताना उजवीकडच्या.